सूर्याची ऊब आणि आपले घर

(केळझर येथे पालक व विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



उन्हाने घर उबदार ठेवण्याचा विषय केळझरच्या लोकांपुढे मांडायचा म्हटले की प्रथम हसूच येते. मे महिन्यात जेथे पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेथे आणखी ऊब कशाला? पण २९ डिसेंबर २०१८ ची पहाट आठवा. त्या दिवशी शेजारच्या नागपुरात ३.५ अंश तापमान नोंदले गेले. डिसेंबर-जानेवारीचे सहा-आठ आठवडे आपल्याकडेही हुडहुडी भरते. या थंडीची किंमत घरात कोण मोजते, तेवढेच मला आज सांगायचे आहे.

थोडा हिशेब करू. बादलीभर, म्हणजे १५ लिटर पाणी १८ अंशांवरून ४२ अंशांवर न्यायला ३६० किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो वाळल्या लाकडात साधारण ३,५०० किलोकॅलरी असतात. पण उघड्या चुलीवर त्यातला जेमतेम दहावा हिस्सा गंजातल्या पाण्याला मिळतो. म्हणजे एका आंघोळीला एक किलो लाकूड! सहा माणसांच्या घराला रोज सहा किलो. घरात गॅस आला तरी ‘आंघोळीच्या पाण्याला गॅस कशाला जाळायचा’ म्हणून पुष्कळ घरांत पाणी अजून पऱ्हाटी-तुऱ्हाटीवरच तापते. ती संपली की पावले जंगलाकडे वळतात, आणि आपल्या सेलू तालुक्यातले बोरचे जंगल २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. फजरच्या आधी उठून चूल पेटवते ती आई, नाहीतर शाळेत जाणारी मुलगी. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे अभ्यासाचे दिवसही नेमके हेच. त्याच वेळी भावाला मात्र आपण ‘पहाटे वाचलेले लक्षात राहते’ म्हणून पुस्तक घेऊन बसवतो. पालकांनी रागावू नये, पण हा न्याय मला पटत नाही.

आता उन्हाकडे वळू. सावलीवरून नमाजाची वेळ ओळखणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना सूर्याची चाल नव्याने सांगायला नको. केळझर २१ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित खाली आहे. त्यामुळे २२ डिसेंबरच्या दुपारी सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४६ अंशांवर, म्हणजे अर्ध्या आभाळातच राहतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात तो थेट डोक्यावर येतो आणि जूनमध्ये थोडा उत्तरेकडे झुकतो. घर बांधणाऱ्याला याचा मोठा फायदा आहे. दक्षिणेच्या भिंतीत चार फूट उंचीची खिडकी ठेवा आणि तिच्या वरच्या कडेला लागून दोन फुटांचा छज्जा काढा. डिसेंबरात भर दुपारी खिडकीच्या खालच्या दोन फुटांतून ऊन घरात येईल. २१ मार्चला त्याच वेळी सगळी खिडकी सावलीत असेल. यासाठी गवंड्याला जास्तीचा पैसा द्यावा लागत नाही. पश्चिमेच्या खिडकीला मात्र हा हिशेब लागू नाही. तेथले तिरपे ऊन छज्ज्याला जुमानत नाही, म्हणून तिकडे झाड बरे.

आत आलेली ऊब साठवायला जड भिंत आणि जमीन लागते. फूटभर जाडीच्या मातीच्या भिंतीतून उष्णता आत पोचायला आठ-दहा तास लागतात. दुपारचे ऊन रात्री उपयोगी पडते. १९३६ मध्ये गांधीजी सेवाग्रामला राहायला आले, तेव्हाची मातीच्या भिंतींची, कौलारू, रुंद ओसरीची घरे आपल्याच जिल्ह्यात उभी आहेत. मुलांना तेथे नेऊन भिंतीला हात लावायला सांगा. पत्र्याचे छप्पर दुपारी भट्टी होते आणि रात्री बर्फ. त्याच्याजवळ साठवण नाही. लडाखमध्ये काळ्या भिंतीपुढे काच लावून घरे तापवतात. आपल्याकडे तसे करू नये, उन्हाळ्यात पस्तावाल.

पण भिंतींपेक्षा आपला खरा प्रश्न पाण्याचा आहे. कोणी विचारतात, छतावर विजेची पॅनेल बसवली तर? बसवा, दिव्या-पंख्याला ती उत्तम. परंतु पॅनेल उन्हाच्या साधारण पाचव्या हिश्श्याचीच वीज करते; पाण्याचा बंब उन्हावर सरळ तापवला तर निम्म्याच्या आसपास उष्णता पदरात पडते. ही युक्ती महाराष्ट्राला नवी नाही. विल्यम अॅडम्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबईत उन्हावर अन्न शिजवले आणि १८७८ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिले.

बाजारचा १०० लिटरचा संच ज्याला परवडेल त्याने घ्यावा. इतरांसाठी पेटी सांगतो. नववी-दहावीची मुले ती सहज करतील. २० लिटरचा पत्र्याचा स्वच्छ डबा बाहेरून काळा रंगवा. लाकडी पेटीत तळाला आणि बाजूंना चार बोटे धानाचा कोंडा ठासून डबा मध्ये बसवा. वर चार चौरस फुटांची काच, दक्षिणेकडे तोंड करून सुमारे ३५ अंश उतरती. सकाळी नऊला पाणी भरले की स्वच्छ उन्हाच्या दिवशी चारपर्यंत ते ५० अंशांच्या आसपास जाते. इतक्या गरम पाण्यात थंड मिसळून दोघांची आंघोळ होते. लहान मुलांना संध्याकाळीच आंघोळ घालावी. उरलेल्या पाण्यावर ऊन उतरताच जाड गोधडी टाका. पहाटे ते कढत राहणार नाही, पण वुजूला कोमट मिळेल. ढगाळ दिवशी चूल आहेच. हे पाणी पिऊ नये.

विद्यार्थ्यांनी दुसरा, न रंगवलेला डबा शेजारी ठेवून दर तासाला दोन्हींचे तापमान वहीत लिहावे आणि आलेख काढावा. विज्ञानाच्या पुस्तकातला उष्णतेचा धडा त्याने पक्का होईल. मात्र मार्च लागला की पेटीवर गोणपाट घालून ठेवा. रिकामी पेटी उन्हात राहिली तर काच तडकते.