पुरावा नर्सच्या हाती, सही मात्र दुसऱ्याची

रात्रपाळी उरकून, रजा टाकून इथं आलेल्या माझ्या नर्स भगिनींनो आणि बंधूंनो,

अध्यक्षीय भाषणात नर्सच्या त्यागाचे गोडवे गाण्याची प्रथा आहे. ती मी आज मोडणार आहे. कौतुक आपल्याला भरपूर मिळालं. अधिकार मिळाला नाही. माझं म्हणणं एकच आहे. ज्या नर्सच्या हाती पुरावा सर्वांत आधी येतो, तिला तो गोळा करण्याचा, नोंदवण्याचा आणि स्वतःच्या सहीनिशी न्यायालयात मांडण्याचा कायदेशीर अधिकार मिळालाच पाहिजे. आणि ही लढाई नर्सच्याच नेतृत्वाखाली लढली गेली पाहिजे.

कॅज्युअल्टीत एमएलसीचा, म्हणजे मेडिको-लीगल केसचा, रुग्ण आला की काय घडतं, ते तुम्हाला सांगायला नको; मंत्रालयात बसलेल्यांना मात्र सांगायला हवं. भोसकलेल्या माणसाचा शर्ट नर्स कापते. तिची कात्री चाकूच्या भोकातून गेली, तर हत्याराची खूण तिथंच संपली. भोक टाळून कापला, तर तोच शर्ट खटल्यात बोलतो. रक्तानं ओले झालेले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले, तर ते कुबट होऊन डीएनए खराब होतो. सावलीत वाळवून, कागदी पाकिटात वेगवेगळे ठेवून, लेबल आणि सील लावले, तर तो टिकतो. अत्याचार झालेल्या मुलीला तपासणीआधी लघवीला जाऊ द्यायचं की थोडं थांबायला सांगायचं, हेही पुष्कळदा डॉक्टर पोचण्याआधी नर्सलाच ठरवावं लागतं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे स्वॅब घटनेनंतर 96 तासांपर्यंत घेता येतात, आणि एचआयव्ही प्रतिबंधक औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. या तासांपैकी पहिला तास नर्सच्या हातात असतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 164अ मध्ये पीडितेची तपासणी नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकानं करावी, असं होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, कलम 184 आलं, अहवाल सात दिवसांत देण्याचं बंधन आलं. नर्स मात्र आली नाही. दुसरीकडे भारतीय परिचर्या परिषदेनं 2021 च्या बीएस्सी नर्सिंग अभ्यासक्रमात, पाचव्या सत्रात, फॉरेन्सिक नर्सिंग आणि भारतीय कायदे हा विषय 20 तासांसाठी घातला. म्हणजे वर्गात शिकवायचं आणि वॉर्डात अडवायचं. ही विसंगती कुणाच्या तरी नजरेतून सुटली असेल, असं मी मानत नाही. नर्सनं काम करावं, पण नाव मागू नये, ही जुनी सवय त्यामागे आहे.

पुरावा खटल्यापर्यंत पोचला नाही तर काय होतं, ते आपल्याच एका भगिनीच्या बाबतीत दिसलं. 27 नोव्हेंबर 1973 ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिथल्याच नर्स अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला. आरोपीला शिक्षा झाली ती हल्ला आणि लूटमारीबद्दल. लैंगिक अत्याचाराचा गुन्हा खटल्यात आलाच नाही. पुढं 18 मे 2015 ला त्यांचा मृत्यू होईपर्यंत, जवळजवळ 42 वर्षं, अंथरुणाला खिळलेल्या अरुणांची केईएमच्या नर्सनी शुश्रूषा केली आणि त्यांच्याविषयीच्या 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं या शुश्रूषेचा गौरव केला. गौरव झाला, न्याय अपुरा राहिला. शुश्रूषेला सलाम करणाऱ्या व्यवस्थेनं नर्सला पुराव्याच्या बाजूनंही उभं केलं पाहिजे.

आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला असा, की वैद्यकीय मत देणं हे डॉक्टरचं काम. मान्य. पण जखमेची लांबी-रुंदी मोजणं, नमुना घेणं, सील करणं वेगळं आणि मत देणं वेगळं. शिवाय नुसत्या पदवीनं तपासणी निर्दोष होत नाही. दोन बोटांच्या चाचणीनं स्त्रीच्या खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग होतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये सांगितलं. तरीही 31 ऑक्टोबर 2022 ला, ती करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असं पुन्हा बजावावं लागलं. तपासणीचा दर्जा प्रशिक्षणानं येतो.

दुसरा आक्षेप, न्यायालयं नर्सची साक्ष मानणार नाहीत. अमेरिकेत मेम्फिसमध्ये 1976 पासून प्रशिक्षित नर्स अशा तपासण्या करत आल्या. 1992 मध्ये मिनिआपोलिसला सत्तरएक नर्सनी एकत्र येऊन आपली संघटना उभारली. 1995 मध्ये तिथल्या राष्ट्रीय नर्सिंग संघटनेनं फॉरेन्सिक नर्सिंग ही शाखा मान्य केली. कोलोरॅडोतल्या 2003 च्या अभ्यासात 515 पुरावा-कीट तपासले, तेव्हा प्रशिक्षित नर्सनी भरलेले कीट इतरांच्यापेक्षा अधिक नेटके निघाले. तिथल्या न्यायालयांत नर्स तज्ज्ञ म्हणून साक्ष देतात. तिसरा आक्षेप, नर्स रुग्णाची बाजू घेते. उपचार डॉक्टरही करतात, पण तेवढ्यावरून त्यांची साक्ष कुणी नाकारत नाही. जे दिसलं ते आणि जे दिसलं नाही तेही लिहिणं, ही आपली शिस्त आहे; निरपराध आरोपीलाही तीच वाचवते.

चौथा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे: आधीच नर्स कमी, त्यात हे ओझं कशाला? मीही म्हणते, स्वतंत्र पदं न देता हे काम लादलं तर ती पिळवणूक होईल. म्हणूनच नेतृत्व आपलंच हवं. आपल्या वतीनं दुसरे बोलले, तर काम आपल्या वाट्याला येईल आणि अधिकार दुसऱ्यांच्या. तेव्हा मागण्या स्पष्ट ठेवू: कलम 184 मध्ये प्रशिक्षित नोंदणीकृत नर्सचा समावेश, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात स्वतंत्र पदं, आणि साक्षीसाठीचा दिवस ड्युटी म्हणून ग्राह्य.

कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. उद्यापासून प्रत्येक एमएलसी रुग्णाचे कपडे आणि नमुने पोलिसांच्या ताब्यात देताना रजिस्टरमध्ये वेळ घाला, घेणाऱ्याचं नाव घाला, पोच घ्या आणि खाली स्वतःची पूर्ण सही करा. आणि या मागण्यांचा ठराव आज एकमतानं मंजूर करा, अशी मी अध्यक्ष या नात्यानं तुम्हाला विनंती करते.