मास्तर, घाई केलीत!

माझे वडील हायस्कूलचे मुख्याध्यापक होते. त्यांचा प्राप्तिकर पगारातूनच कापला जाई. उरेल ते हाती पडे.

1997 साली सरकारने उत्पन्न स्वेच्छेने जाहीर करण्याची योजना काढली. दडवलेले उत्पन्न 31 डिसेंबरपर्यंत सांगावे आणि 30 टक्के कर भरावा. दंड नाही, व्याज नाही, खटला नाही, पैसा आला कुठून हीसुद्धा पृच्छा नाही! आदल्या वर्षी सरळ कर भरणाऱ्याला मात्र वरच्या टप्प्यावर 40 टक्के पडले होते. जुन्या दागिन्यांचे मोल तर 1987 च्या भावाने धरायचे. सुमारे 33,000 कोटी रुपये उजेडात आले. खजिन्याला पैसा हवा होता, हे मी नाकारीत नाही.

तेव्हा गावातले एक व्यापारी वडिलांना हसत म्हणाले, “मास्तर, तुम्ही उगाच घाई केलीत.”

मला त्या व्यापाऱ्यापेक्षा त्या हसण्याची काळजी वाटते. पाहा ना, 1951, 1965 आणि 1975 सालीही अशा सवलती येऊन गेल्या होत्या. मग माणूस काय शिकेल? कर बुडवायला भ्यायचे कशाला, माफीची तारीख येईस्तोवर दम धरला की झाले!

2016 साली पुन्हा योजना आली. या खेपेस दंडासह 45 टक्के; म्हणजे निदान सरळ भरणाऱ्याहून जास्त. मी वडिलांना बातमी वाचून दाखवली. त्यांनी एवढेच विचारले, “पुढची कधी आहे रे?”