ठेव जपणे हाही धर्मच

(देवगाव रंगारी येथील भाषणाचा संपादित अंश)



देवगाव रंगारीसारख्या गावांतील तरुण नोकरीनिमित्त छत्रपती संभाजीनगर, पुणे येथे स्थिरावतात आणि मागे राहिलेल्या काही वृद्धांना वृद्धाश्रमाची वाट धरावी लागते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकविषयक केंद्रीय कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल अशा आश्रमाची कल्पना आहे. निवारा, अन्न, औषध यांची चर्चा होते. परंतु त्या वृद्धेने सोबत आणलेल्या ट्रंकेचे काय?

त्या ट्रंकेत दोन लुगडी, एखादा दागिना, पासबुक आणि यजमानांचे छायाचित्र असते. बाजारात त्याचे मोल अल्प. पण चष्मा हरवला की पोथी मिटते, कवळी हरवली की भाकरी सुटते, श्रवणयंत्र गेले की माणसे दुरावतात. त्यातून विस्मरणाचा विकार जडलेल्या वृद्धेची तक्रार ‘भ्रम’ म्हणून झटकली गेली, तर चोराला रानच मोकळे!

आपल्या पूर्वजांनी हा विषय क्षुल्लक मानला नाही. मनुस्मृतीतील १८ व्यवहारपदांत ऋणादानानंतर लगेच ‘निक्षेप’, म्हणजे ठेव, येते. आत काय आहे हे न सांगता बंद पेटी सोपविली, तर तिला याज्ञवल्क्यांनी ‘उपनिधी’ म्हटले. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १५१ हेच सांगते : सामान्य विवेकी मनुष्य स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी ठेवीची घेतली पाहिजे. मात्र वस्तू सोपविल्याचा पुरावा हवा.

म्हणून प्रवेशाच्या दिवशीच दोन प्रतींत यादी करावी. दागिन्याचे वजन व वर्णन लिहावे. एक प्रत कुटुंबाकडे द्यावी. कवळी, चष्म्याची डबी, कपडे यांवर नाव घालावे. कुलूपबंद कपाटाची किल्ली वृद्धाच्याच हाती असावी. मौल्यवान ऐवज त्यांच्या संमतीने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावा. निधनानंतर दोन साक्षीदारांसमक्ष यादी ताडून, पावती घेऊनच वस्तू वारसांच्या स्वाधीन कराव्यात.

कार्यकर्त्यांनो, सणावाराला आपण वृद्धाश्रमात फळे वाटतो. ते चांगलेच आहे. पण पुढच्या भेटीत आजींच्या शेजारी बसून त्यांची यादीही वाचा. आयुष्यभराचा संसार एका ट्रंकेत मावला असेल, तर ती ट्रंक हेच त्यांचे घर होय. त्या घराची राखण करणे हे आपले कर्तव्य आहे.