बोलायला कान हवा, हात नको

पोळ्या लाटताना फोन आला की खांदा आणि कान यांच्यामध्ये तो दाबून बोलायची कसरत आपण सगळ्यांनीच केली आहे. मान अवघडते, आणि एखाद्या दिवशी फोन थेट पिठाच्या परातीत!

त्यावर उपाय ब्लूटूथ हेडसेटचा. ‘ब्लूटूथ’ हे नाव दहाव्या शतकातल्या हाराल्ड या डॅनिश राजाच्या टोपणनावावरून आलं. २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर फोन आणि हेडसेट एकमेकांशी बोलतात. साधारण १० मीटरपर्यंत, मध्ये भिंत आली तर त्याहून कमी.

दुकानदार गाणं लावून दाखवतो. त्यावर जाऊ नका. गाण्याचा आवाज फक्त फोनकडून कानाकडे येतो. कॉल लागला की माइकही जागा होतो, आवाज दोन्हीकडून धावू लागतो आणि बऱ्याच हेडसेटांवर त्याचा दर्जा घसरतो. म्हणून दुकानाच्या दारात, रस्त्याच्या गोंगाटात उभं राहून घरी फोन लावा आणि विचारा, ‘माझं बोलणं नीट येतंय का?’

खोक्यावरचं ‘एएनसी’ तुमच्या कानाला शांतता देतं. पलीकडच्याला तुमचा आवाज स्वच्छ जावा, यासाठी ‘ईएनसी’ लिहिलेलं असतं. दिवसभर कॉल घेणाऱ्यांना तोंडापर्यंत दांडी आलेला माइक बरा. दिसायला जरा बेंगरूळ, पण शब्द नेमका उचलतो. इवलासा इअरबड सोफ्याच्या फटीत गडप होतो, गळ्यातला नेकबँड तेवढा जागेवर राहतो.

आणि स्वयंपाकघरात एकाच कानात घाला. कुकरच्या शिट्ट्या मोजायला दुसरा कान मोकळा हवा.