कोटाचं अस्तर

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज इथं ध्वनिमुद्रणाला यायचं म्हणून मी सकाळी कपाटातला इस्त्रीचा शर्ट काढला, दाढी केली, बुटांना पॉलिश केलं. बायको हे सगळं दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, ''रेडिओवर जायचंय ना? तिथं कोण बघणार आहे तुम्हांला?''

प्रश्न बिनतोड होता. मी हसलो, पण शर्ट काही बदलला नाही. रिक्षात बसल्यावर मात्र विचार करू लागलो, की हा शर्ट नेमका कुणासाठी? इथं आलो तर ध्वनिमुद्रण करणारे म्हणाले, ''बोलताना चेहरा जरा हसरा ठेवा. आवाजात ऐकू येतो.'' म्हणजे बघा, जिथं चेहरा दिसतच नाही तिथंसुद्धा मनातलं काहीतरी बाहेर झिरपतं. आज मला त्याच्याबद्दलच बोलायचं आहे. कामाच्या ठिकाणी, चार माणसांत, आपली जी छाप पडते ती येते कुठून?

हल्ली गावोगावी व्यक्तिमत्त्व विकासाचे क्लास निघाले आहेत. हात कसा मिळवावा, खुर्चीत कसं बसावं, टाय कशी बांधावी, सगळं तिथं शिकवतात. मी त्यांची थट्टा करणार नाही. खेड्यातून आलेल्या पोराला कुणीतरी हे सांगायलाच हवं. पण मी शिंप्याचा मुलगा आहे. कपडा काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे मी लहानपणापासून बघत आलो आहे.

तालुक्याच्या गावी आमचं छोटं दुकान होतं. आमच्याकडं कोट शिवायचा तो फक्त नवरदेवानं. गिऱ्हाईक यायचं, कापड चोळून बघायचं, बटणं निवडायचं. आत काय घालणार, हे कधी कुणी विचारत नसे. अब्बांचं सगळं लक्ष मात्र आत. छातीला कॅनव्हास, कॉलरला बकरम आणि सगळ्याच्या आतून अस्तर. हे सगळं ते आधी पाण्यात भिजवून, वाळवून घेत. मी कंटाळून विचारलं, की एवढा उटारेटा कशाला? तर म्हणाले, ''न भिजवता लावलं तर पहिल्या धुण्यात ते आत आटतं. मग वरचं कापड कितीही भारी असू दे, चुण्या पडणारच.'' आणि पुढं त्यांच्या बोलीत एक वाक्य म्हणाले, ते मी विसरलेलो नाही. ''कोट अंदरसे खडा रहता, बेटा.''

१९९३ साली मी मराठी घेऊन बी.ए. झालो आणि एका नोकरीच्या मुलाखतीचं पत्र आलं. अब्बांनी पंधरा दिवस खपून माझ्यासाठी निळा कोट शिवला. अम्मी म्हणाली, ''मुलाखतीला चाललाय की लग्नाला?'' कोट मात्र अंगावर असा बसला होता, की आरशातला मी मलाच ओळखू येईना.

ते दिवस कसे होते, हे माझ्या वयाच्या श्रोत्यांना सांगायला नको. डिसेंबर आणि जानेवारी होऊन गेले होते, मार्चही होऊन गेला होता. नाव सांगताना आवाज आपोआप खाली यायचा. मुलाखतीत तिघं बसले होते. त्यातल्या एकांनी अर्ज पाहिला, माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, ''मराठी साहित्य? तुम्ही?''

एवढंच. तीन शब्द आणि दोन प्रश्नचिन्हं. आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. ज्या भाषेत मी स्वप्नं पाहत होतो, वहीभर कविता लिहीत होतो, त्या भाषेत मला धड वाक्य जुळवता येईना. श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद यांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला, त्याला साडेतीनशेहून जास्त वर्षं झाली. शाहीर अमर शेखांचा आवाज संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात घुमला. हे सगळं मला पाठ होतं. त्या खोलीत एकही नाव आठवलं नाही. कोट ताठ होता, आतला माणूस आटला होता. नोकरी मिळाली नाही.

पुष्कळ वर्षं मी त्या गृहस्थांना मनातल्या मनात सुनावत होतो. मग हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. त्यांनी कुत्सितपणे विचारलं होतं, की कौतुकानं, की नुसत्या आश्चर्यानं, हे मला आजही ठाऊक नाही. मला ठाऊक आहे ते एवढंच, की मी काय ऐकलं. प्रश्न त्यांच्या तोंडून येण्याच्या आधीच तो माझ्या मनात तयार होता.

आपण एकटेच असे नसतो. लंडनहून बॅरिस्टर होऊन १८९१ साली परतलेला एक तरुण मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात आपला पहिला खटला चालवायला उभा राहिला. फी तीस रुपये. उलटतपासणी घ्यायची होती. त्याचं डोकं गरगरलं, एकही प्रश्न सुचेना. तो खाली बसला, काम दुसऱ्या वकिलाकडं द्यायला सांगितलं आणि फी परत केली. हा तरुण म्हणजे मोहनदास गांधी. त्यांनी स्वतःच आत्मकथेत ही फजिती लिहून ठेवली आहे. आता हाच माणूस एप्रिल १९१७ मध्ये चंपारण्यात, मोतीहारीच्या न्यायालयात पाहा. जिल्हा सोडून जाण्याचा हुकूम त्यांनी मोडलेला होता. अंगावर विलायती सूट नाही. शांतपणे निवेदन वाचतात आणि गुन्हा कबूल आहे म्हणतात. पुढं खटलाच मागं घेतला गेला.

मधल्या काळात काय बदललं? अनुभव आला, दक्षिण आफ्रिकेतली वीस वर्षं आली, हे खरंच. पण मला वाटतं, मुख्य बदलली ती नजर. मुंबईच्या कोर्टात त्या तरुणाची नजर स्वतःवर होती. मी कसा दिसतोय, माझं काय होणार? मोतीहारीत नजर निळीच्या शेतकऱ्यांवर होती. स्वतःकडं बघायला त्यांना सवडच नव्हती.

मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोग करूनही तपासलं आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक गमतीदार प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. एका विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो या गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालायला लावायचा. त्या वयाच्या पोरांना तो घालायची लाज वाटावी असा. मग त्याला इतर मुलं बसलेल्या खोलीत पाठवायचं आणि नंतर विचारायचं, की चित्र कुणाचं ते किती जणांच्या लक्षात आलं असेल? टी-शर्टवाल्यांचा अंदाज असे, जवळजवळ निम्म्या मुलांच्या. प्रत्यक्षात ते चौथ्या हिश्शाच्या आसपास मुलांच्याच लक्षात आलेलं असे. म्हणजे आपल्याला वाटतं त्याच्या साधारण निम्मीच माणसं आपल्याकडं बघत असतात. ज्याला त्याला आपल्याच शर्टाची चिंता!

हे कळलं की अर्धं ओझं उतरतं. पण अर्धंच. उरलेल्या अर्ध्याबद्दल बोललो नाही, तर मीही त्या क्लासवाल्यांसारखं 'सगळं तुमच्याच हातात आहे' म्हणून मोकळा झाल्यासारखं होईल.

उत्तर प्रदेशात कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन संशोधिकांनी सहावी-सातवीतल्या मुलांना कागदावर भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. काही मुलं उच्च मानलेल्या जातींतली होती, काही दलित. कुणाची जात उच्चारली नाही, तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. मग दुसऱ्या काही गटांत आधी प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, आजोबाचं नाव, गाव आणि जात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली. त्या गटांत दलित मुलांची कामगिरी ठळकपणे घसरली. कोडी तीच होती आणि बुद्धीही तीच. मधे फक्त एक वाक्य उच्चारलं गेलं होतं.

तो अभ्यास वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. निळ्या कोटातला तो बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा आठवत राहिला. आपलं आतलं अस्तर आपण एकट्यानं शिवलेलं नसतं. त्यात मास्तरांचे टाके असतात, शेजाऱ्यांचे असतात, वर्तमानपत्रांचे असतात. आणि पुष्कळदा ते इतके बारीक असतात, की घालणाऱ्यालाही दिसत नाहीत.

पुढं मला एका बँकेत क्लार्कची नोकरी लागली. तिथं काउंटरवर मी एक बाई पाहिल्या. खेड्यातल्या बचत गटाच्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा काउंटरपासून दोन हात लांब उभ्या. पेन हातात घेतलं तर हात थरथरत होता. सही नुकतीच शिकल्या होत्या. मी म्हणालो, ''सावकाश करा ताई, घाई नाही.'' आणि रांगेतली माणसं कुरकुरत असतानाही थांबलो. माझं श्रेय एवढंच. पुढं त्या गटाच्या अध्यक्ष झाल्या. वर्ष-दोन वर्षांनी एक दिवस बघतो तर त्या मॅनेजरसाहेबांच्या समोर खुर्चीत बसून विचारत होत्या, ''साहेब, आमच्या बायकांचे हप्ते वेळेवर आहेत, मग कर्जाला उशीर का?'' लुगडं तसंच होतं, चपला तशाच. पण केबिनमधले सगळे कान त्यांच्याकडं लागले होते. त्यांच्या मागं गटातल्या बायका होत्या, वहीतला हिशेब चोख होता आणि स्वतःच्या नावाची सही हाताला सरावली होती.

माझीही सही मला अशीच शिकावी लागली. एका कविसंमेलनात सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून दिली, ''हे मुस्लिम असूनही किती सुंदर मराठीत लिहितात!'' लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते गृहस्थ मनानं चांगले होते, मला हे अगदी माहीत होतं. पण 'असूनही' हा शब्द मला टोचला. पूर्वी मी तो गिळला असता आणि कविता पडली असती. त्या दिवशी माईकपाशी गेलो आणि म्हणालो, ''दादा, एक छोटी दुरुस्ती करतो. 'असूनही' नको, 'आणि' म्हणा. मी मुसलमान आणि मराठी कवी.'' सभागृह क्षणभर गप्प झालं, मग हसलं, मग पुन्हा टाळ्या झाल्या. सूत्रसंचालकही हसले. आवाज कापला नाही, कारण मी कुणाशी भांडत नव्हतो आणि कुणाला काही सिद्ध करून दाखवत नव्हतो. माझं नाव मी नुसतं पूर्ण उच्चारलं होतं.

तरुण मित्रांनो, मुलाखतीला जाताना शर्टाला इस्त्री जरूर करा. मीही आज केली आहे. पण आदल्या रात्री दहा मिनिटं शांत बसून स्वतःला विचारा, की उद्या कोणता प्रश्न आला तर माझी जीभ अडखळेल? त्या प्रश्नाचं उत्तर आधी स्वतःला द्या. अस्तर आदल्या दिवशी भिजवून घ्या. आणि समोर गेल्यावर नजर स्वतःवरून काढून कामावर ठेवा.

आणि जे टेबलाच्या पलीकडं बसतात त्यांना, म्हणजे मुलाखत घेणाऱ्यांना, शिक्षकांना, साहेबांना, एक विनंती. समोरचा उमेदवार बुजरा वाटला, तर 'याला पर्सनॅलिटी नाही' असा शेरा मारण्याआधी क्षणभर थांबा. तुमच्या पहिल्या वाक्यानं तो आटला तर नाही ना, ते बघा. त्याचं नाव नीट उच्चारा, त्याला बसायला सांगा, दुसरा प्रश्न विचारा. बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नाला माणूस उभा राहतो. मला त्या दिवशी दुसरा प्रश्न हवा होता.

त्या निळ्या कोटाचं पुढं काय झालं, ते सांगून थांबतो. काही वर्षांनी त्याचं अस्तर विरलं. मी तो टाकून देणार होतो. अब्बांनी तो हातात घेतला, उलटा केला आणि म्हणाले, वरचं कापड चांगलं आहे, अस्तर बदलता येतं. डोळ्यांना कमी दिसत होतं, तरी त्यांनी जुने टाके एकेक करून उसवले आणि नवं अस्तर लावलं. भिजवून, वाळवून. त्या कविसंमेलनाला मी तोच कोट घालून गेलो होतो.