मुलांनी बेडूक घडवावा
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आपले पद्मशाली पूर्वज तेलंगणातून सोलापुरास आले, ते विणकामाबरोबर कप्पतल्लीची रीतही घेऊन आले. पाऊस लांबला की मुसळास बेडूक बांधावयाचा, दारोदार न्यावयाचा आणि त्यावर पाणी ओतावयाचे. महाराष्ट्रातील धोंडी ही तिचीच बहीण. या अवर्षणाच्या मुलखात त्यामागील आर्तता आम्ही जाणतो. परंतु बेडूक फुप्फुसांप्रमाणे ओल्या त्वचेनेही श्वास घेतो. त्याला बांधून उन्हात हिंडवणे म्हणजे पावसाच्या दूतासच पीडा देणे होय.

ही गोष्ट मुलांना उपदेशाने पटत नाही. म्हणून आमचे सांगणे असे की, मुलांनी बेडूक पकडू नये, घडवावा. मातीचा बेडूक करावयास बसलेले मूल लवकरच अडते. बोटे किती करावयाची? मग ते चित्र निरखून पाहते : पुढील पायांस चार, मागील पायांस पाच, आणि मागील बोटांमध्ये पातळ पडदा. हा पडदा म्हणजे पोहण्याचे वल्हे, हे त्यास मग सहज उमगते.

पुढे त्याच मातीची अवस्थामालिका करवावी. प्रथम शेपटीचा, कल्ल्यांनी श्वास घेणारा भैरा. मग त्यास मागील पाय, त्यानंतर पुढील. अखेरीस शेपटी शरीरातच जिरते. क्रम चुकला तर मूल स्वतःच मोडून पुन्हा करील, आणि तो क्रम विसरणार नाही.

आपल्या पूर्व भागात मागाखाली पडलेल्या सुताची वाण नाही. बेडूक बहुधा अंडी पुंजक्याने घालतो, तर त्याचा भाऊबंद भेक लांब लडीने. सुतात काळे मणी ओवले की विणकराच्या लेकरास हा भेद हातानेच कळेल.

बेडूक पिकांवरील किडे खातो. त्याच्या तंगड्यांच्या परदेशी व्यापारापायी देशात असंख्य बेडूक मारले गेले. अखेर १९८७ साली सरकारने ती निर्यात बंद केली. कायदा व्यापार थांबवतो. मुलाच्या हातातील दगड मात्र ओळखच थांबवू शकते.

पहिल्या पावसात डबक्याकाठी मुलांना अवश्य न्यावे. तेथे त्यांनी पाहावे, ऐकावे, आणि घरी येऊन माती हाती घ्यावी.