सही पालकांची, उत्तर मुलीचं



सोळा वर्षांच्या मुलीला तिच्या घराविषयी, अभ्यासाविषयी, मैत्रीविषयी काही विचारायला एखादा संशोधक आला, तर त्याने परवानगी कोणाची घ्यायची? सभागृहात पालक आहेत, शिक्षकही आहेत. बहुतेकांचं उत्तर मला ठाऊक आहे : आईवडिलांची. अठरा पूर्ण झाली नाहीत तोवर मूल अज्ञान, त्याच्या वतीने पालक बोलणार. कायदाही तेच सांगतो आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. ते जिथे बरोबर नसतं, त्या जागांबद्दल मला आज बोलायचं आहे. आपल्या समाजातली सर्वांत दुखरी मुलं नेमकी त्या जागांवर उभी आहेत.

आधी पालकांची बाजू, कारण ती भक्कम आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात नॉरिसटाउन नावाचं गाव आहे. तिथल्या शाळांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला आठवीच्या मुलांसाठी एक कार्यक्रम आखला. पुढे कोणतं मूल अमली पदार्थांच्या आहारी जाऊ शकेल, हे प्रश्नावलीवरून आधीच हुडकून काढायचं. हेतू चांगला होता. प्रश्न मात्र घराच्या आतले होते : तू लहान असताना आईवडील तुला जवळ घेत असत का, तुझा पापा घेत असत का? मुलांनी एकमेकांबद्दल लिहायचं, शिक्षकांनी मुलांबद्दल लिहायचं. पालकांना पत्र गेलं, आणि सुरुवातीची योजना अशी होती की ज्यांचा नकार येणार नाही त्यांचा होकार धरायचा. एक आई न्यायालयात गेली. १९७३मध्ये संघराज्याच्या जिल्हा न्यायालयाने कार्यक्रम रोखला. न्यायाधीशांनी म्हटलं, पत्रात चांगलं तेवढंच सांगितलं आहे, धोक्याचं काही नाही. गोपनीयतेची हमी दिली आहे, पण उद्या समन्स निघालं तर ती टिकणार नाही. नाही म्हणणाऱ्या मुलाकडे बाकीचे संशयाने पाहतील. आणि ज्यांना हे प्रश्न विचारायचे, त्या मुलांना तुमची तयारी आहे का, असं कोणी विचारलंच नव्हतं. हा निकाल पन्नास वर्षांपूर्वीचा आहे. आपल्याकडच्या शाळांत आजही येणाऱ्या कित्येक प्रश्नावल्यांना तो जसाच्या तसा लागू होईल.

आपल्याकडे एक वेगळीच सवय आहे. सही पालकांकडून आणण्यापेक्षा शाळेकडूनच उरकायची. २००९मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची प्रतिबंधक लस देण्याचा प्रकल्प झाला. तो वैद्यकीय होता, सामाजिक संशोधन नव्हतं, आणि लशीच्या गुणावगुणांबद्दल मला इथे काही म्हणायचं नाही. ती अनेक देशांत नियमित दिली जाते. पण संसदेच्या स्थायी समितीने २०१३च्या अहवालात संमतिपत्रांचा हिशेब दिला आहे. ९,५४३ पत्रांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या आणि १,९४८ पत्रांवर अंगठे होते. आदिवासी मुलीचे आईवडील गावाकडे जिवंत असताना तिच्या शरीराबद्दलचा निर्णय सरकारी नोकराने सहीनिशी घेऊन टाकला. याला संमती म्हणता येणार नाही. तो केवळ कागद पुरा करणं आहे.

आता आपल्या बीडकडे या. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मुलं आजीआजोबांकडे राहतात, नाहीतर हंगामी वसतिगृहात. शाळागळतीचा अभ्यास करायला गेलेला विद्यार्थी मुख्याध्यापकांचं पत्र घेतो आणि थेट वर्गात शिरतो. मुख्याध्यापकांनी शाळेचं दार उघडून दिलं, त्यांचा अधिकार तेवढाच. कोल्हापूरच्या नाहीतर सोलापूरच्या फडात असलेल्या बापाला फोन लावता येतो. हल्ली टोळीत कोणाकडे ना कोणाकडे मोबाइल असतोच. तो फोन लावायचे कष्ट संशोधक घेत नाही, याचा मला मनस्वी संताप येतो. गरिबाचं पालकपण आपण किती सहज रद्द करून टाकतो!

इथवर माझं बोलणं पालकांना पटलं असेल. पुढचं कदाचित पटणार नाही.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७मध्ये मुलांवरच्या अत्याचारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेरा राज्यं, त्यांत महाराष्ट्रही होता. १२,४४७ मुलांशी बोलणं झालं. त्यांतल्या ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं. छळ करणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीचे, विश्वासातले होते. आता विचार करा. मारणारा किंवा हात टाकणारा माणूस घरातलाच असेल, आणि मुलीशी बोलण्यापूर्वी त्याच घराची लेखी परवानगी हवी असेल, तर परवानगी कोणत्या घरातून येईल? ज्या घराला लपवायचं काही नाही, त्या घरातून. ज्या मुलीला बोलायचं होतं ती यादीतून आधीच वगळली जाते. मग अहवालात आकडा लहान दिसतो आणि आपण निर्धास्त होतो. जगभरच्या शाळांमधल्या सर्वेक्षणांचा अनुभवही असाच आहे : पालकांच्या सहीचा कागद परत आणायची सक्ती केली की सहभाग घसरतो, आणि गळणाऱ्यांत गरीब घरातली, अडचणीतली, धोक्याच्या वाटेवरची मुलं जास्त असतात.

याहून टोकाचं उदाहरण कायद्याच्या पुस्तकातच आहे. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं सहावं कलम काढून पाहा. विवाहित अज्ञान मुलीचा नैसर्गिक पालक कोण? तिचा नवरा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झाली होती. म्हणजे बालविवाहाचा अभ्यास करणाऱ्याने अक्षरावर बोट ठेवून नियम पाळायचा, तर सोळा वर्षांच्या बायकोशी बोलायला तिच्या नवऱ्याची संमती मागायची. ज्याच्याविषयी विचारायचं, त्याचीच परवानगी!

मार्ग नाही असं नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनी एक वाट आखून दिली आहे. सात ते बारा वयाच्या मुलाचा तोंडी होकार, बारा ते अठरा वयाच्या मुलाचा लेखी होकार, आणि सोबत पालकांची संमती. पण पालकांना कळल्याने मुलालाच धाकदपटशा होण्याचा संभव असेल, तर संशोधनाची तपासणी करणारी नैतिकता समिती पालकांच्या संमतीची अट शिथिल करू शकते. अडचण पुढे आहे. ही तत्त्वं आरोग्य संशोधनासाठी आहेत. समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र, समाजकार्य यांच्या अनेक विभागांत अशी समितीच नसते. मुंबईच्या ‘सेहत’ संस्थेने आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नैतिक मार्गदर्शिका तयार करायला पुढाकार घेतला, ती २०००मध्ये आली. पाव शतक झालं. आपल्या विद्यापीठांनी ती नीट वाचली असती, तरी पुष्कळ काम झालं असतं.

आणि प्रश्न विचारण्याची रीतही शोधता येते. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि पॉप्युलेशन कौन्सिल यांनी २००६-०७मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांत तरुणांचा मोठा अभ्यास केला. त्यात मुलाखतीच्या शेवटी प्रत्येकाला एक कार्ड दिलं जाई. विवाहपूर्व लैंगिक संबंधांच्या प्रश्नावर खूण करायची, कार्ड पाकिटात घालायचं, पाकीट आपणच बंद करायचं. समोरच्या मुलाखतकारालाही उत्तर कळत नसे. तोंडी सांगायला जे जमलं नव्हतं, ते पाकिटात अधिक प्रमाणात उतरलं.

एका बाबतीत मात्र पाकीटही अपुरं पडतं. २०१२च्या पॉक्सो कायद्याचं एकोणिसावं कलम सांगतं की मुलावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवायची. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. या कायद्यापुढे सोळा वर्षांच्या मुलीचे राजीखुशीचे शरीरसंबंधही गुन्ह्यातच जमा होतात. मग तिच्यासमोर बसून ‘हे आपल्यातच राहील’ असं म्हणणारा संशोधक तिला खोटं वचन देतो. काय गुप्त राहील, काय मला सांगावंच लागेल, हे पहिला प्रश्न विचारण्याआधी, तिच्या बोलीत, तिला समजेल असं सांगितलं पाहिजे. ते ऐकून ती गप्प राहिली, तर तो तिचा हक्क आहे. आपला नमुना अपुरा राहिला तरी चालेल.

माझं मत स्पष्ट आहे. आईबाप ज्या प्रश्नात मुलाच्या बाजूचे आहेत, तिथे त्यांनाच विचारा, अधीक्षकाला नको. जिथे प्रश्न घराबद्दलचाच आहे, तिथे निर्णय समितीने घ्यावा, कारणं लेखी नोंदवावीत आणि मुलीला आधार देणारं माणूस जवळपास ठेवावं. आणि आईवडिलांची, शाळेची, समितीची अशा सगळ्या सह्या हातात असल्या, तरी मुलाने ‘नको’ म्हटलं की वही मिटायची.

इथे बसलेल्या पालकांना आणि शिक्षकांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी अशी प्रश्नावली आली, की सही करण्यापूर्वी ती पूर्ण वाचायला मागा. उत्तरांचे कागद कोणाकडे राहणार आणि नकार दिलेल्या मुलाला वर्गात कुठे बसवणार, हे विचारा. समाधान झालं नाही, तर सही करू नका. झालं, तर एवढं करा : मुलाला उत्तरं एकट्याने देऊ द्या, आणि घरी आल्यावर तू काय लिहिलंस, असं विचारू नका.